नऊशे यार्डांसाठी एक रायफल

११ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी ६.

मोसमातली शेवटची नेमबाजी आज झाली. माझे गुण पन्नासपैकी एकतीस. कारण : रायफल. ती क्लबची आहे, वयाने माझ्याहून मोठी आहे आणि गेली एकोणीस वर्षं मी तीच वापरतोय. नळी झिजलेली, बोल्ट (गोळी आत सरकवायचा दांडा) ओढला की कुरकुरतो, दस्त्यावर कुण्या शहाण्याने स्वतःचं नाव कोरलेलं.

हे सगळं मी आमच्या कॅप्टनला, मोआनाला, समजावून सांगितलं. तिच्या तीनशे गायी आहेत, आणि ती माणसांकडेही त्याच नजरेने बघते. तिने तीच रायफल माझ्या हातातून घेतली, गमबुटांसकट आडवी झाली आणि पाच गोळ्या मारल्या. पाचही मध्यावर. यातून काही सिद्ध होत नाही. तिच्याकडे स्वतःची रायफल आहे, त्यामुळे तिला आत्मविश्वास असतो. माझा मुद्दा तोच आहे.

मेहुण्याचे, म्हणजे लॉकीचे गुण अठ्ठेचाळीस. त्याच्या रायफलच्या दस्त्याला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. दिवसभर मेंढ्या कातरून तो तसाच येतो, हातही धुत नाही.

ठराव : ऑक्टोबरात मोसम सुरू होईपर्यंत स्वतःची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल. आणि मार्चमध्ये जिल्हा शील्डच्या स्पर्धेसाठी चौघांचा संघ निवडतात, त्यात मी. एकोणीस वर्षं ग्लेनऑरिन क्लबचा सेक्रेटरी आहे. एकोणीस शील्डांना मी चहा केलाय. यंदा चहा दुसऱ्या कुणीतरी करावा.

१२ एप्रिल.

तक्ता केला. वजन, नळीची लांबी, नळीची जाडी, घोड्याचा ताण, बोल्टची चाल, दस्त्याचं लाकूड. एकंदर चौदा रकाने. लोक दुकानात जातात आणि डोळ्यांना आवडली ती उचलतात. मी विमा कंपनीसाठी जळालेले गोठे आणि वाहून गेलेली कुंपणं तपासतो. घाईने काय होतं ते मला रोज बघायला मिळतं.

बायकोने, नोएलीनने, तक्ता बघितला. म्हणाली, यात ‘नेम’ असा रकाना दिसत नाही. तिला या विषयात गती नाही. (१९९४ साली ती संघात होती, पण तेव्हा स्पर्धा फार नव्हती.)

२६ एप्रिल.

दुर्बीण लावायची की नाही, यावर दोन आठवडे विचार. निर्णय : नाही. आमच्या संघात रायफलवरच्या साध्या कडीतून बघून मारतात. शिवाय दुर्बिणीतून स्वतःचे हात किती थरथरतात ते दिसतं, आणि त्याने विनाकारण मन खचतं.

९ मे.

परवान्याची मुदत संपत आली होती म्हणून पोलीस खात्यातून एक बाई चौकशीला आल्या. रीतीप्रमाणे आधी माझी मुलाखत, मग नवऱ्याला बाहेर काढून बायकोची वेगळी. माझी वीस मिनिटांत आटोपली. नोएलीनची सव्वा तास चालली. मी लाकडाच्या शेडमध्ये थांबलो होतो. आतून दोनदा मोठ्याने हसण्याचा आवाज आला.

जाताना बाई म्हणाल्या, तुमच्या हातून कुणाला धोका होईल असं वाटत नाही, मिसेस गिलँडर्स म्हणतात की तुम्ही रायफल घेणारच नाही. परवाना मिळाला. चारित्र्य उत्तम असल्याचा हा एका अर्थी सरकारी दाखलाच आहे.

६ जून.

इन्व्हरकारगिलला पर्सीच्या बंदुकांच्या दुकानात. चौथी खेप. आमच्याकडे, दक्षिण गोलार्धात, जून म्हणजे ऐन हिवाळा : कॉलरात गळणारा पाऊस आणि पाय बधिर करणारी थंडी. पर्सीने तीन रायफली काढून ठेवल्या. मी घरून चटई नेली होती. रायफल उभ्याने पारखणारे लोक मला कळत नाहीत. मारायची झोपून, मग बघायचीही झोपून. दुकानाच्या मध्यभागी चटई टाकली आणि प्रत्येकीबरोबर पंधरा पंधरा मिनिटं झोपलो. गिऱ्हाइकं मला ओलांडून काडतुसं घेऊन जात होती. एकजण ओळखीचा निघाला, मागच्या वर्षी मी त्याचा दावा नाकारला होता. तो मला ओलांडताना थोडा रेंगाळला.

पर्सीने विचारलं, मर्डो, तू रायफल बघतोयस की जावई? मी म्हणालो, जावई परत पाठवता येतो.

काही घेतली नाही. पहिलीचा घोडा कडक, दुसरीचा घोडा हलका, तिसरीचा घोडा बरोबर होता पण त्यामुळेच शंका आली.

७ जून.

शारीरिक तयारीचा ठराव. (१) रोज सकाळी तीन किलोमीटर पळणे. (२) कॉफी बंद, कारण छाती धडधडली की नेम हलतो. (३) चीज रोल बंद. (४) रोज अर्धा तास बैठकीच्या खोलीत पालथं पडून केरसुणीच्या दांड्याने सराव.

१० जून.

(१) रस्त्यावर बर्फ. (२) कॉफी बंद केल्याने डोकं दुखतं, आणि दुखऱ्या डोक्याने वाऱ्याचा अंदाज चुकतो, म्हणून चालू. (३) शाळेच्या मदतनिधीसाठी नोएलीनने बारा डझन चीज रोल केले. त्यातले काही वाकडे झाले होते. वाकडे विकता येत नाहीत. (४) चालू आहे. आज मी पालथा असताना नोएलीन माझ्याभोवती व्हॅक्यूम फिरवत होती. म्हणाली, पाय उचल. उचलले. नेम हलला नाही, ही जमेची बाजू.

१८ जुलै.

मोठी गोळी की छोटी? मोठी वाऱ्याला दाद देत नाही पण खांद्याला लाथ मारते. छोटी सौम्य, पण नऊशे यार्डांवर वारा तिला कुठे नेईल सांगता येत नाही. इंटरनेटवर या प्रश्नावर चारशे बारा मतं वाचली. सगळी ठाम आहेत.

लॉकी जेवायला आला होता. त्याला विचारलं, तुझी कुठली? त्याने जरा आठवून बघितलं आणि म्हणाला, पितळी रंगाची.

असल्या माणसाला अठ्ठेचाळीस गुण मिळतात. मला खरोखर राग येतो.

२२ ऑगस्ट.

मिळाली! पर्सीकडे. नळी, घोडा, दस्ता, बोल्ट, सगळं तक्त्याप्रमाणे. चौदापैकी साडेतेरा. फक्त आमच्या कुलूपबंद कपाटात ती उभी मावेल की नाही याची खात्री करायची होती. पर्सी म्हणाला, घेऊन जा, नाही मावली तर कपाट बदल. मी म्हणालो, ही उलटी पद्धत झाली. घरी येऊन कपाट मोजलं. दोनदा. मावते. चार सेंटिमीटर शिल्लक राहतात.

२४ ऑगस्ट.

पर्सीला फोन. रायफल शनिवारीच विकली गेली. मी दुकानातून निघालो आणि दहा मिनिटांत डाकवाल्याने घेतली. त्याने ती झोपूनही बघितली नाही म्हणे.

शांतपणे विचार केला. तो अर्धा गुण मला आधीपासूनच खटकत होता. वाचलो म्हणायचं.

३ ऑक्टोबर, शनिवार.

मोसम सुरू झाला. माझी रायफल अजून विचाराधीन असल्याने क्लबचीच वापरली. तेहतीस गुण. म्हणजे सहा महिन्यांत एकही गोळी न मारता, निव्वळ अभ्यासाने, दोन गुणांची वाढ. हा वेग कायम राहिला तर मला मोआनाला गाठायला फार वर्षं लागणार नाहीत.

मोआनाने विचारलं, रायफल कुठाय? सांगितलं, प्रक्रिया चालू आहे. ती म्हणाली, गाय विते नऊ महिन्यांत.

१७ ऑक्टोबर.

निर्णय झाला. तयार रायफल घ्यायचीच नाही. आपल्या मापाची बनवून घ्यायची. नळी ऑस्ट्रेलियातून, बोल्ट एकाकडून, दस्ता डुनेडिनच्या कारागिराकडून. पर्सीने सगळं लिहून घेतलं, सही घेतली आणि ऑर्डर माझ्यासमोरच पाठवून दिली. मी म्हणत होतो की सोमवारपर्यंत थांबू, पण त्याने बटण दाबून टाकलं. दुकानातले दोघे टाळ्या वाजवू लागले.

नोएलीनला सांगितलं. म्हणाली, एवढ्या वेळात मी तुला निवडलं, लग्न केलं आणि चूकही माझ्या लक्षात आली. पण ती हसत होती. नंतर कपाटातल्या जुन्या बरण्या तिने स्वतः काढून टाकल्या आणि रायफलसाठी खाली जाड कापड अंथरलं.

१६ जानेवारी, शनिवार.

आली!

काय सांगू. बोल्ट लोण्यासारखा चालतो. गाल दस्त्यावर टेकला की वाटतं, ही माझ्याच गालासाठी केली. खरंच माझ्याच गालासाठी केली आहे म्हणा. दुपारी सहाशे यार्डांवर दहा गोळ्या. सत्तेचाळीस!! माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. मोआनाने भोकं दोनदा मोजली. लॉकीने पाठीवर थाप मारली. म्हणाला, अरे मर्डो, तुझा नेम होता कुठे इतकी वर्षं?

मी त्याला तक्ता दाखवायला नेणार होतो, पण तो मेंढ्यांना पाणी दाखवायला गेला.

३० जानेवारी.

नव्या रायफलने मारलं नाही. या नळीचं आयुष्य पाच हजार गोळ्यांचं असतं. मोसमात दर शनिवारी वीस मारल्या तर ती मला साधारण नऊ वर्षंच पुरेल. सरावासाठी ती झिजवणं शहाणपणाचं नाही. सरावाला क्लबचीच वापरतो, तीस गुण आले. ही स्पर्धेसाठी राखून ठेवली आहे. रोज तेल लावतो.

१३ फेब्रुवारी.

मोठी बातमी. संघातली तीन नावं ठरली : मोआना आणि पेनफोल्ड नवराबायको. चौथी जागा लॉकीची असायची, पण यंदा त्याचे गुण घसरलेत. बेचाळीस, त्रेचाळीस, परवा तर एकोणचाळीस. त्याची नळी बाद झाली आहे. दहा वर्षं त्याने तिच्यात कधी तेलाचा थेंब घातला नसेल.

तेव्हा ६ मार्चला नऊशे यार्डांवर लॉकी आणि मी, दहा दहा गोळ्या. जास्त गुण ज्याचे, चौथं नाव त्याचं. मोआनाने सगळ्यांसमोर जाहीर केलं.

घरी गाडी चालवत येताना मी मोठ्याने गात होतो. कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो. मला ही जागा फार, फार हवी आहे.

५ मार्च.

सदऱ्याला इस्त्री केली. संघाचा फोटो छापून येतो तेव्हा कॉलर नीट असावी.

नोएलीनला विचारलं, चहाचं काय करायचं? पेनफोल्डच्या सासूला विचारून ठेवूया का? ती म्हणाली, उद्याचं उद्या बघू. आणि मग उगीचच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

६ मार्च, शनिवार. सकाळी ५.४०.

आकाश स्वच्छ. नैऋत्येचा वारा. हात स्थिर. कॉफी एकच.

६ मार्च. संध्याकाळ.

आज काही लिहायचं नाही.

७ मार्च.

काल घडलेल्या गोष्टीची वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो. व्यवसायाने मला हे जमायला हवं.

कुरणातल्या मेंढ्या हाकलून झाल्यावर दहा वाजता आम्ही दोघे शेजारी शेजारी आडवे झालो. माझं टार्गेट क्रमांक तीन, लॉकीचं चार. प्रत्येक गोळीनंतर टार्गेटखालच्या खंदकातले लोक टार्गेट खाली ओढतात, भोकावर चकती लावतात आणि पुन्हा वर करतात. नऊ गोळ्यांपर्यंत माझे गुण चव्वेचाळीस. लॉकीचे एक्केचाळीस. त्याची नळी गोळ्या वाट्टेल तिकडे फेकत होती, आणि तो पुटपुटत होता.

शेवटच्या गोळीला तो माझ्याहून तीन गुणांनी मागे. मागून मोआना म्हणाली, मर्डो, कुठेही मार रे, पण कागदावर मार.

पण मी निष्काळजी माणूस नाही. वाऱ्याचे झेंडे सुस्त पडले होते, वारा बदलत होता. मी कडीवरून डोळा काढला, वही घेतली, वाऱ्याचा हिशेब केला, तो पुन्हा तपासला. चार मिनिटं गेली. मग गाल टेकवला, श्वास अर्धा सोडला आणि घोडा दाबला. इतकी सुंदर गोळी मी आजवर मारलेली नाही. लॉकीनेही त्याच क्षणी मारली.

तीन नंबरचं टार्गेट हललंच नाही.

चार नंबरचं खाली गेलं. बराच वेळ खाली राहिलं. वर आलं तेव्हा त्यावर दोन चकत्या होत्या. एक डाव्या कडेला, दोन गुणांची. दुसरी पाच गुणांची, मध्यावर, अगदी मध्यावर. टाचणीने टोचल्यासारखी.

वहीतून डोकं वर काढून पुन्हा नेम धरताना मी शेजारचं टार्गेट धरलं होतं.

लॉकी लगेच उठून बसला आणि म्हणाला, मधली माझी नाही, माझी कडेची आहे. त्याला मी या गोष्टीसाठी नावं ठेवणार नाही. पण नियम स्पष्ट आहे, नियमांचं पुस्तक क्लबात माझ्याच ताब्यात असतं : एका टार्गेटवर दोन भोकं पडली तर त्यातलं जास्त गुणांचं भोक त्या टार्गेटच्या माणसाचं. आणि दुसऱ्याच्या टार्गेटवर मारणाऱ्याला शून्य. लॉकी सेहेचाळीस. मी चव्वेचाळीस.

मी ती गोळी आकाशात मारली असती तरी एका गुणाने जिंकलो असतो. मेंढ्यांच्या दिशेने मारली असती तरीही.

रायफलमध्ये कोणताही दोष आढळला नाही.

९ मार्च.

डाकवाला पत्रं देताना म्हणाला, मिस्टर गिलँडर्स, तुमचीच ना ही, बघून घ्या, नाहीतर शेजारच्यांची असायची. अख्ख्या ग्लेनऑरिनला कळलेलं आहे. पेट्रोल पंपावरच्या बाईने मला मुद्दाम विचारलं, तुमचा पंप कितवा?

१३ मार्च.

दुपारी मोआना आणि लॉकी घरी आले. मोआनाने अंड्याची पाई (कणकेच्या आवरणात भाजलेली) आणली होती. ती कुणाच्या घरी काही घेऊन जात नाही, त्यामुळे मी सावध झालो.

पाई खाऊन झाली. लॉकी टोपी हातात फिरवत होता. मोआना म्हणाली, मर्डो, क्लबला शील्डसाठी तुझी मदत लागणार आहे. मी उभा राहिलो. कुणाला बरं नाही का, असं विचारणार होतो. तोंडावर काळजी आणण्याचा प्रयत्न केला.

ती म्हणाली, लॉकीच्या नळीत आता राम राहिलेला नाही. नवी यायला सहा आठवडे. आणि परवा तू मारलीस तशी गोळी नऊशे यार्डांवर मी वीस वर्षांत बघितली नाही. म्हणजे रायफलबद्दल बोलतेय मी.

लॉकी म्हणाला, तू नाही म्हणालास तर मी कधी मनात धरणार नाही, मर्डो, शपथेवर.

मी कपाट उघडलं. रायफल काढली. घोडा कसा आहे, बोल्ट कसा हाताळायचा, तेल कुठलं, ते सगळं त्याला सांगितलं. त्याचा गाल मोठा आहे, त्याच्यासाठी दस्त्याची पट्टी दोन मिलिमीटर खाली केली.

नोएलीन मागच्या दारात पाठ करून उभी होती.

जाताना मोआनाने आणखी एक सांगितलं. शील्डच्या दिवशी प्रत्येक क्लबाने खंदकात एक माणूस द्यायचा असतो.

२० मार्च, शनिवार. संध्याकाळी ७.

जिल्हा शील्ड. सकाळपासून खंदकात. डोक्यावरून गोळ्या जातात, आपण खाली उभं राहून टार्गेट ओढायचं, भोक बुजवायचं, चकती लावायची. आपल्याच क्लबच्या टार्गेटवर बसता येत नाही. मी सात नंबरवर होतो. आमचा संघ आठवर मारत होता.

लॉकीची पाळी आली तेव्हा मी आठकडे बघत होतो. पहिली मध्यावर. दुसरी मध्यावर. तिसरी आणि दुसरी एकाच नाण्याखाली झाकता आली असती. रेडिओवरून दोनदा ओरडा आला की सात नंबर, झोपलात का? मी झोपलो नव्हतो. मी रडत होतो, आणि ते कशासाठी ते मला नीट सांगता येणार नाही. वाईट तर फारच वाटत होतं. पण ती रायफल कशी मारत होती!

पन्नासपैकी एकोणपन्नास. शील्ड ग्लेनऑरिनकडे, अकरा वर्षांनी. मी खंदकातून नऊशे यार्ड चालत येईपर्यंत फोटो काढून झाला होता. चौघे आणि मध्ये रायफल. पेनफोल्डच्या सासूने चहा फारच पातळ केला होता.

लॉकीने रायफल घरी आणून दिली. स्वच्छ पुसून, नळीत तेल घालून, त्याने हे कुणाकडून शिकून घेतलं कोण जाणे. दारात बराच वेळ घुटमळला. मग म्हणाला, मर्डो, तू निवडलीस एवढी चांगली रायफल मी जन्मात निवडू शकलो नसतो. विकायची झाली तर आधी मला सांगशील?

मी म्हणालो, विचार करून कळवतो. असे निर्णय घाईने घ्यायचे नसतात.